पिवळी कॅसेट आणि कादंबरीचं पहिलं पान

यंदाच्या लेखन-कार्यशाळेआधी वाङ्मय मंडळाने विद्यार्थ्यांकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागवल्या होत्या. बहुतेक चिठ्ठ्या नेहमीच्या: कविता छापायला कुठे पाठवू, शुद्धलेखन कसं सुधारू, स्पर्धेसाठी कथा किती शब्दांची हवी. एक चिठ्ठी मात्र चांगली दोन पानांची निघाली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी. लेखक होऊन पोट भरायचा त्याचा विचार नाही, बँकेच्या परीक्षा द्यायच्या आहेत. पण छंद म्हणून त्याने एक कादंबरी लिहायला घेतली आहे. विषय: लहानपणी खेळलेले व्हिडिओ गेम, ती पिवळी कॅसेट, गल्लीतली पोरं, नंतरचा सायबर कॅफे. चाळीसेक पानं झाली आणि गाडी अडली. त्याचं विचारणं असं की, हा विषय मराठी कादंबरीला चालतो का, की लोक हसतील? आणि चालत असेल तर पुढे काय करू?

त्याच्या परवानगीने त्यातली दहा पानं मी वाचली. असा अडलेला तो एकटाच नाही, म्हणून उत्तर इथे सगळ्यांसाठी लिहिते आहे.

पहिल्या प्रश्नाला फार वेळ द्यायला नको. विषय चालतो. विटी-दांडू आणि पतंग जर साहित्यात आले, तर ज्या खेळापायी मुलं जेवण विसरली, घरी खोटं बोलली, मार खाल्ला, तो खेळ का येऊ नये? वाचक विषयाला हसत नाही. लेखक विषयाभोवती नुसता घुटमळत राहिला, की वाचक कंटाळतो. अडचण तिथे आहे, आणि ती समजून घ्यायला एका शब्दापासून सुरुवात करू.

आपण ज्याला 'नॉस्टॅल्जिया' म्हणतो, तो शब्द कवींनी काढलेला नाही, वैद्यकातून आला आहे. १६८८ मध्ये योहान्नेस होफर नावाच्या विद्यार्थ्याने बाझेल इथल्या आपल्या प्रबंधात तो घडवला. घरापासून दूर राहिलेल्या स्विस माणसांना घराच्या ओढीने जे आजारपण यायचं, त्याला त्याने नाव दिलं. ग्रीक भाषेतला 'परत घरी येणं' आणि 'वेदना' हे दोन शब्द जोडून. मराठीत आपण त्याला 'स्मरणरंजन' म्हणतो. शब्द सुंदर आहे, पण बघा, यात वेदना गेली आणि तिच्या जागी रंजन आलं. माझ्या मते त्या चाळीस पानांचं दुखणं नेमकं हेच आहे. त्यांत स्मरण आहे, रंजन आहे, दुखतं कुठे ते नाही.

त्याची पानं इथे छापणं बरं नाही. त्या धर्तीचा एक परिच्छेद मीच रचून देते:

'ते दिवसच वेगळे होते. सुट्टी लागली की सकाळपासून आम्ही टीव्हीसमोर. आधी मारिओ, मग कॉन्ट्रा, मग बदकं मारायचा गेम. कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची. ताई आतून चहा आणायची. किती मजा यायची! आता ते दिवस परत येणार नाहीत.'

यात खोटं काही नाही. पण ही यादी आहे. ज्याने हे गेम खेळले तो मान डोलावेल आणि पान उलटेल. ज्याने खेळले नाहीत त्याच्या हाती काहीच लागणार नाही. 'किती मजा यायची' या वाक्याने मजा येत नाही, हे कुठल्याही भाषेच्या शिक्षकाने तुम्हाला सांगितलंच असेल. मला मात्र दुसऱ्याच एका वाक्याने थांबवलं. 'ताई आतून चहा आणायची.' त्या विद्यार्थ्याच्या दहा पानांत असंच होतं. मोठी बहीण तीन वेळा येते. एकदा चहा घेऊन, एकदा कपडे वाळत घालताना, एकदा 'आवाज कमी करा रे' म्हणत. ती एकदाही खेळत नाही. लेखकाला ते खुपलेलं दिसत नाही. वाचकाला खुपतं.

रिमोट कुणाच्या हातात होता, आणि कुणाच्या हातात कधीच आला नाही? (कंट्रोलर हा शब्द आपल्या गल्ल्यांत नंतर आला, तेव्हा सगळे रिमोटच म्हणायचे.) जुन्या गेमवर लिहिणाऱ्याने स्वतःला विचारायचा हा पहिला प्रश्न. आता तोच प्रसंग या प्रश्नाच्या अंगाने लिहून पाहू:

'कॅसेट लागली नाही. दादाने ती काढली, फुंकर मारली, पुन्हा बसवली. पडदा तसाच. "दे इकडे," ताई म्हणाली. तिने कॅसेट ओढणीने पुसली, आत सारली आणि अंगठ्याने अगदी हळू दाबली. गाणं सुरू झालं. "चहा टाक गं," बाबा बाहेरून म्हणाले. ती उठली. जाताना म्हणाली, "माझी पाळी ठेवा हं." आम्ही ठेवली नाही. ती कप घेऊन आली तेव्हा दादा तिसऱ्या स्टेजला होता आणि दुसरा रिमोट माझ्याकडे होता. ती ट्रे धरून दारातच उभी राहिली. माझी पाळी आली तशी म्हणाली, "आता उडी मार. आता. आता."'

गेम तोच, घर तेच, शब्दही फार वाढलेले नाहीत. पण आता प्रश्न तयार झाले आहेत. ताईला कधी उडी मारायची ते ठाऊक आहे, म्हणजे ती रोज बघते आहे. कॅसेट लावायला तिला बोलावतात, खेळायला नाही. ती पुढे काय करेल? आणि सांगणारा मुलगा मोठा झाल्यावर त्या 'आम्ही ठेवली नाही'चं काय करणार आहे? दोनशे पानं या एका वाक्यावर उभी राहू शकतात. 'ताईला वाईट वाटलं' असं कुठेही लिहिलेलं नाही, तेही पाहून ठेवा.

फुंकरीबद्दल जाता जाता. फुंकर मारल्याने कॅसेट चालायची नाही. काढून पुन्हा बसवल्यामुळे आतल्या पिनांचा संपर्क जुळायचा, आणि तोंडातल्या ओलाव्याने त्या पिना गंजायचा धोका उलट वाढायचा. म्हणून कादंबरीतली फुंकर काढून टाकायची का? मुळीच नाही. दहा वर्षांच्या मुलाचा फुंकरीवर विश्वास आहे, तर त्या पानावर तेच खरं. त्याच्या डोक्यात विशीतली माहिती कोंबू नका. पण ताईची 'हळू दाबायची' युक्ती खरोखर काम करते, आणि हे वाचकाला उमगलं तर तिची हुशारी वेगळी सांगावी लागत नाही.

आता जुन्या गेमवरच्या दोन इंग्रजी कादंबऱ्या शेजारी ठेवून बघा. अर्नेस्ट क्लाइनची 'रेडी प्लेअर वन' २०११ मध्ये आली आणि खूप खपली, स्पीलबर्गने तिच्यावर २०१८ मध्ये चित्रपट काढला. भविष्यातल्या एका आभासी जगात बक्षिसाचा शोध, आणि तो जिंकायला १९८० च्या दशकातले गेम, सिनेमे, गाणी तोंडपाठ हवीत. वेगवान आहे, सुट्टीत वाचायला छान. पण तिच्यातल्या आठवणी परीक्षेत उत्तर यावं तशा येतात: ज्याला माहीत तो पास. गॅब्रिएल झेविनची 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो' (२०२२) याच मालातून वेगळं काही विणते. सॅम आणि सेडी ही दोन मुलं रुग्णालयातल्या खेळाच्या खोलीत भेटतात, मारिओ खेळता खेळता त्यांची मैत्री होते. पुढे सॅमला कळतं की सेडी त्याच्याबरोबर घालवलेले तास समाजसेवेचे तास म्हणून कागदावर नोंदवत होती. मैत्री तुटते, काही वर्षं बोलणंच बंद. कादंबरी त्या तासांच्या कागदातून सुरू होते. तिच्यात मारिओच्या जागी कॅरम असता, तरी ती जखम तशीच राहिली असती. तुमच्या गोष्टीलाही ही चाचणी लावून बघा. गेम काढून दुसरा खेळ ठेवला तर काय उरतं? काहीच उरत नसेल तर अजून गोष्ट सापडलेली नाही.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या बेळगावच्या मातीतलं उदाहरण आहेच. प्रकाश नारायण संत यांचा लंपन. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' या पुस्तकांतला हा मुलगा आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. शाळा, मैदान, मित्र, सुमी, गाणं, आजूबाजूची झाडं यांनी ती पानं भरलेली आहेत, आणि मराठीत बालपणाचं इतकं आनंदी लेखन थोडं आहे. पण पहिल्याच पुस्तकाचं नाव बघा. लेखकाने त्याला 'सुट्टी' म्हटलं नाही, 'वनवास' म्हटलं. सगळ्या मौजेच्या खाली आई जवळ नसल्याचं दुखणं सतत वाहत असतं, म्हणून ती मौज उथळ होत नाही. ज्यांनी अजून वाचलं नसेल त्यांनी ग्रंथालयातून आधी हे न्या, लेखनाच्या तंत्रावरची पुस्तकं नंतर. आणि लक्षात घ्या, लंपनच्या या सुट्या कथा आहेत, सलग कादंबरी नव्हे. तरी एकच मुलगा आणि एकच गाव यामुळे एक सबंध जग उभं राहतं. ज्याला दोनशे पानांची धास्ती वाटते, त्याने आठ-दहा जोडकथा लिहाव्यात. त्यात काही कमीपणा नाही.

आता दुसरी बाजू. गेम नुसता आठवायचा की त्याच्याकडून काही शिकायचं? बरेच जण लेव्हलचा साचा उचलतात: पहिल्या प्रकरणात छोटा शत्रू, दुसऱ्यात मोठा, शेवटी बॉस. लेव्हल ओलांडल्यावर खेळाडू पुढे जातो, पण बदलत नाही. कादंबरीत माणूस बदलावा लागतो. त्यापेक्षा एखादा जुना गेम आपण वर्गात कविता वाचतो तसा वाचावा. मी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' निवडते, कारण तो घडला कसा याची रोजनिशी त्याच्या कर्त्यानेच प्रसिद्ध केली आहे.

जॉर्डन मेकनर. येल विद्यापीठात शिकत असताना त्याचा 'कराटेका' हा गेम १९८४ मध्ये आला आणि चालला. त्यानंतर १९८५ पासून तो या नव्या गेमच्या मागे लागला. राजपुत्राची धाव आणि उडी खरी वाटावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चित्र गिरवून संगणकात उतरवलं. तलवारबाजी त्याने १९३८ च्या रॉबिन हूडच्या चित्रपटातून घेतली. गेम बाजारात यायला १९८९ उजाडलं. मधल्या काळात त्याचं मन सिनेमाकडे ओढ घेत होतं, तो पटकथाही लिहीत होता, आणि गेम सोडून द्यावा असं त्याला बऱ्याचदा वाटलं. चाळीस पानांवर अडलेल्यांनी ही रोजनिशी जरूर वाचावी. आत्मविश्वास किती वेळा जातो आणि कसा परत येतो, ते तारखेनिशी दिसतं.

माझ्या कामाचा भाग पुढे आहे. ॲपल टू संगणकाची मेमरी फार तोकडी. राजपुत्राच्या हालचालींनीच ती बहुतेक खाऊन टाकली होती. गेम दिसायला सुरेख होता, पण नुसतं पळणं आणि उड्या. समोर लढायला कुणी नाही. बरोबर काम करणारी एक मैत्रीण, टोमी पियर्स, त्याच्या मागे लागली होती की यात लढाई हवी. तो म्हणायचा, दुसऱ्या माणसासाठी जागाच नाही. शेवटी युक्ती निघाली ती अशी: नवीन आकृती काढायचीच नाही. राजपुत्राचीच आकृती किंचित सरकवून तिच्यावरच पुन्हा उमटवायची. पडद्यावर लुकलुकणारी, भुतासारखी एक छाया उभी राहिली. शत्रू मिळाला, आणि तो म्हणजे राजपुत्र स्वतःच.

या छायेचं पुढे काय होतं ते खेळलेल्यांना आठवेल. चौथ्या लेव्हलला वाटेत आरसा आडवा येतो. धावत जाऊन त्यातून उडी मारावी लागते, आणि त्या क्षणी आपली छाया आपल्यातून सुटून पळते. आपली ताकदही बरोबर घेऊन जाते. पाचव्या लेव्हलला आपण औषधाच्या बाटलीपर्यंत पोचायच्या आत ती येऊन पिऊन टाकते. सहाव्याला दार लावून आपल्याला खाली पाडते. बाराव्याला ती तलवार घेऊन समोर उभी राहते. आपण वार करतो, जखम तिला होते, आणि जीव आपला कमी होतो. कितीही वेळा लढा, मरणार आपणच. सुटका एकच: तलवार म्यान करायची आणि तिच्याकडे चालत जायचं. दोघं एक होतात. त्यानंतर समोरच्या दरीत, जिथे काहीच दिसत नाही तिथे, पाऊल टाकलं की फरशा उमटत जातात.

मला वाटतं, कादंबरीच्या शेवटाबद्दल याहून चांगला धडा वर्गात देता येणार नाही. सुरुवातीपासून नायक जे शस्त्र वापरून जगला, ते शेवटी ठेवून द्यावं लागतं. आणि हा शेवट आकाशातून पडलेला नाही. चौथ्या, पाचव्या, सहाव्या टप्प्यावर त्याची पेरणी झालेली आहे. बॉसला मारून संपणाऱ्या गेममध्ये आणि या गेममध्ये फरक आहे तो इथे. ताईच्या गोष्टीतला मुलगा मोठा होऊन कशाच्या आधारे जगतो? विनोदाच्या? 'मी तेव्हा लहान होतो' या सबबीच्या? ती सबब म्हणजे त्याची तलवार. शेवटच्या प्रकरणात ती चालता कामा नये.

दुसरं म्हणजे तोकडेपणा. छाया सुचली ती जागा कमी होती म्हणून. तुमच्याकडे वेळ कमी आहे, अनुभव वीस वर्षांचा आहे, पात्रं चार आहेत. चारच असू द्या. पाचवं पात्र लागलं की आधी बघा, या चौघांपैकीच कुणाची दुसरी बाजू तिथे उभी करता येते का.

या गेममध्ये साठ मिनिटांचं घड्याळही आहे. मेलात तर लेव्हल पुन्हा सुरू होते, घड्याळ मात्र मागे जात नाही. कादंबरीलाही असं एखादं घड्याळ असलं की पानं आपोआप ताठ होतात: सुट्टी संपायच्या आत, घर विकलं जायच्या आत, ताईचं लग्न ठरायच्या आत. याच्या उलट 'कॉन्ट्रा'चे तीस जीव. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं, मग बी, ए. पोरांना पाढ्यांपेक्षा हे आधी पाठ असायचं. या कोडचा जन्मही गमतीचा. १९८६ मध्ये कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो 'ग्रेडियस' हा गेम घरगुती यंत्रासाठी तयार करत होते. तपासणीसाठी तो खेळून बघायचा तर त्यांनाच फार अवघड जायला लागला, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ही चोरवाट ठेवली. लेखकही आपल्या सोयीसाठी अशा चोरवाटा ठेवतो. नायक संकटात सापडला की अचानक मामा अमेरिकेहून येतो, पत्र सापडतं, कुणीतरी पडद्याआडून सगळं ऐकलेलं असतं. पहिल्या खर्ड्यात ठेवा हवं तर, तिथपर्यंत पोचायला उपयोगी पडतात. दुसऱ्या खर्ड्यात काढा. तीस जीव असलेल्या माणसाची काळजी कुणी करत नाही.

आता आपल्या भागाचा खास प्रश्न, भाषेचा. त्या पानांत मुलं आपापसांत छापील मराठी बोलत होती. 'मित्रा, तुझा पराभव झाला आहे.' बेळगावच्या गल्लीत असं कोण बोलतं? एकाच टीव्हीसमोर मराठी, कानडी, उर्दू बोलणारी पोरं बसलेली असायची आणि गेम इंग्रजीत. 'मेलास की रे', 'आता माझी पाळी की', 'ह्या स्टेजला खाली भुयार आहे बघ', अशी आपली बोली. वाचनीय राहावी म्हणून सगळीच बोली लिहायला नको. संवादात ठेवा, निवेदन साधं प्रमाण मराठीत चालवा, आणि निवेदनातही 'स्टेज', 'लाईफ', 'कॅसेट' हे शब्द खुशाल येऊ द्या. 'पातळी' आणि 'दूरनियंत्रक' लिहिलंत तर मेलं ते पान. पुण्या-मुंबईच्या वाचकाला 'की' खटकेल म्हणून तो पुसू नका. लंपनच्या गोष्टींमधला सीमाभागाचा वास पुसला असता, तर त्यांचं काय उरलं असतं?

काळाबद्दलही नेमके राहा. 'पूर्वी' म्हणजे कधी? विशीतल्या मुलाची पिवळी कॅसेट आणि त्याच्या काकाची पिवळी कॅसेट यांत पंधरा-वीस वर्षांचं अंतर असू शकतं, कारण त्या नकली यंत्रांची विक्री जत्रेत आणि बाजारात फार वर्षं चालू राहिली. सायबर कॅफेतली 'व्हाइस सिटी' २००२ सालची. पण गंमत अशी की तो गेमच मुळात स्मरणरंजन आहे: त्यातलं शहर १९८६ मधलं, मायामीच्या धर्तीचं, आणि तो काळ उभा केलाय तो गाडीतल्या रेडिओने, शर्टांनी, रंगांनी. ज्यांनी तो काळ पाहिलाच नाही अशी आपली पोरं त्या गाण्यांनी हळवी होतात. आणि पुढच्या तुकडीचं बालपण आणखी वेगळं: टाळेबंदीतला मोबाइल, आणि सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर आलेली बंदी. तुमच्या पात्राचं वय आणि साल एका कागदावर लिहून भिंतीला लावा. कुठला गेम, कुठलं यंत्र, घरात फोन कुठला, याचं उत्तर त्या कागदावरून मिळायला हवं.

रचनेबद्दल थोडक्यात. प्रसंग पुष्कळ आहेत पण ते बांधायचे कसे, असं ज्यांना वाटतं त्यांनी मराठी कादंबरीच्या उगमाकडे बघावं. १८५७ सालचं 'यमुनापर्यटन' पहिली मराठी कादंबरी म्हणून सांगितलं जातं. ते लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावातच जन्मले. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या हकिकती तिला दिसत, ऐकू येत जातात. सुटे प्रसंग आणि त्यांना बांधणारा प्रवास, एवढीच युक्ती. आजच्या वाचकाला त्यातला उपदेश जड वाटेल, पण बांधणी अजून शिकण्यासारखी आहे. गल्लीतल्या मुलाला पर्यटन कुठलं? असतं की. ज्या घरी गेम आहे त्या घरी जायचं. एका घरी चपला बाहेर काढून ओट्यावर बसायला लावतात, एका घरी सरबत देतात, एका घरी पोराच्या जातीची चौकशी होते, एका घरी वडील दारू पिऊन आलेले असतात आणि सगळे मुकाट्याने उठतात. पाच घरं, पाच टीव्ही. गेम एकच. ही झाली कादंबरी.

राहिला वेळ. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास सांभाळून लिहायचं आहे, तर रोज तीनशे शब्द ठरवा, हाताने लिहिलं तर वहीचं दीड-दोन पान. चाळीस हजार शब्दांची छोटी कादंबरी त्या हिशोबाने एकशे चौतीस दिवसांत, म्हणजे साडेचार महिन्यांत होते. दिवस चुकणारच, सहा महिने धरा. लिहिलेलं त्याच दिवशी सुधारायला बसू नका, नाहीतर पहिल्याच स्टेजचं नाणं न नाणं गोळा करत बसाल. मोबाइलवर लिहीत असाल तर आठवड्याला एक प्रत स्वतःलाच मेल करा. मेकनरने ॲपलसाठी लिहिलेला मूळ प्रोग्राम कितीतरी वर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना तो घरातल्या एका खोक्यात, जुन्या डिस्कवर सापडला. आपल्या घरचं खोकं तोवर रद्दीत गेलेलं असतं.

आणि गेम पुन्हा खेळून बघायचा का? बघा, पण एकदाच, आणि तोही आधी आठवणीतून लिहून झाल्यावर. आठवणीत जे मोठं होतं ते पडद्यावर छोटं निघेल. भुयार डावीकडे होतं असं लिहिलं असेल आणि ते उजवीकडे निघेल. ते दुरुस्त करायची घाई नको. मुलाला ते डावीकडेच का आठवलं, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

त्या विद्यार्थ्याला माझं सांगणं एवढंच: चाळीस पानं फाडू नकोस, बाजूला ठेव. तो तुझा माल आहे, त्यातून पुढे लागेल तसं उचलता येईल. आता पहिलं पान नव्याने लिहायला घे, आणि त्याआधी बहिणीकडे जा. चिठ्ठीत तू लिहिलं आहेस की तिचं लग्न झालं, ती आता निपाणीला असते. फोनवर नको, समोर बसून विचार की तेव्हाचं तिला काय आठवतं. ती म्हणेल, 'मला कुठे खेळू देत होतात तुम्ही?' किंवा म्हणेल, तुम्ही शाळेत गेलात की मी खेळायचे. कदाचित तिला काहीच आठवणार नाही, आणि तेही लिहिण्यासारखंच आहे. ती जे सांगेल ते तिच्या शब्दांत वहीत उतरव, आणि कादंबरीत घेण्याआधी तिला वाचून दाखव. तिने नको म्हटलं तर त्या ताईचं गाव बदल, वय बदल, घर बदल. दारातलं ते उभं राहणं मात्र तुझं स्वतःचं पाहिलेलं आहे, ते ठेवायला हरकत नाही. झालेली पानं महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मंडळाच्या बैठकीत आण. दहापेक्षा जास्त नकोत.